ग्रेव्हिलियाचे झुडूप आणि खताची सवय

मृगाच्या सरी पडल्या की छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या रोपवाटिकांत शोभेच्या झाडांची मागणी वाढते. या झाडांत कधी कधी ग्रेव्हिलियाचे झुडूपही असते. नेच्यासारखी कातरलेली पाने, पानांच्या खालच्या बाजूस रुपेरी लव आणि फांदीच्या टोकाशी ब्रशासारखा लालभडक फुलोरा, असे त्याचे रूप आहे. ते पाहून कोणासही ते आपल्या अंगणात असावे असे वाटते. रोप घरी येते, खड्डा खणला जातो, खड्ड्यात शेणखताबरोबर मूठभर सुपर फॉस्फेट अथवा डीएपी पडते आणि वर भरपूर पाणी सोडले जाते. गुलाब, मोगरा किंवा जास्वंद लावताना हाच क्रम पाळला जातो व तो बहुधा फळास येतो. ग्रेव्हिलियाच्या बाबतीत मात्र हाच क्रम त्याच्या नाशाचा आरंभ ठरण्याचा संभव असतो.

याचे कारण या झुडपाच्या कुळात आहे. ग्रेव्हिलिया हे प्रोटिएसी कुळातील झाड असून त्याचे मूळ स्थान ऑस्ट्रेलिया होय. १८०९ साली या प्रजातीस चार्ल्स ग्रेव्हिल या उद्यानप्रेमी गृहस्थाचे नाव देण्यात आले. लाल फुलांच्या झुडपास शास्त्रीय भाषेत ग्रेव्हिलिया बँक्सी म्हणतात व ते मूळचे क्वीन्सलँडचे आहे. आपल्याकडे अधिक परिचित असलेला सिल्व्हर ओक हा वृक्ष त्याचाच भाऊबंद होय. नावात ओक असला तरी खऱ्या ओक वृक्षाशी त्याचे काही नाते नाही.

ऑस्ट्रेलियातील ज्या जमिनींत हे कुळ वाढले, त्या जमिनी अतिप्राचीन, धुपून गेलेल्या आणि स्फुरदाच्या बाबतीत अत्यंत दरिद्री आहेत. तेथे तग धरण्यासाठी या झाडांनी एक युक्ती साधली. त्यांच्या मुळांवर जमिनीच्या वरच्या थरात आखूड, केसाळ मुळ्यांचे दाट झुबके येतात. ऑस्ट्रेलियातील वनस्पतिशास्त्रज्ञ हेलेन पर्नेल यांनी १९६० साली त्यांचे सविस्तर वर्णन केले व त्यांना प्रोटिऑइड मुळे हे नाव रूढ झाले. या झुबक्यांतून सेंद्रिय आम्ले पाझरतात आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला स्फुरदही त्यामुळे मोकळा होतो. ज्याने जन्मभर एकेक दाणा वेचून पोट भरले, त्याच्यापुढे एकाएकी धान्याचे पोते ओतावे, तशी गत या झाडास स्फुरदयुक्त खत दिल्याने होते. कुळातील अनेक जातींना नको तेवढा स्फुरद आत घेण्याचे थांबवता येत नाही. तो पानांत साठतो, जुन्या पानांचे शेंडे व कडा करपतात, नवी पाने पिवळी पडतात आणि शेवटी झाड वाळते. ही संवेदनशीलता जातीपरत्वे कमीअधिक असते, परंतु सावधगिरी सर्वच जातींच्या बाबतीत बाळगावयास हवी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुना विपुल असून दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो, मग अपाय कसा होणार, असे विचारले जाईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु पहिली गोष्ट अशी की, रोपवाटिकेत आणि घरोघरी ही झाडे कुंडीत अथवा पिशवीत वाढतात. तेथील हलक्या मिश्रणात चुना थोडा असतो आणि खत मुळाशीच असते. डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद असतो. त्याचे चार दाणेदेखील लहान कुंडीस फार होतात. दुसरी गोष्ट अशी की, चुनखडीच्या जमिनीत झाडास लोह मिळणे आधीच अवघड असते. त्यात स्फुरदाची भर पडली की लोहाची उपासमार आणखी वाढते. कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे तिचे लक्षण होय.

खरी दुर्दैवाची साखळी येथेच सुरू होते. पान पिवळे दिसले की मालक समजतो, झाड उपाशी आहे. तो आणखी खत घालतो. खताने पान अधिक पिवळे होते. मग पाणी वाढविले जाते. काळ्या मातीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, आणि पावसाळा संपण्यापूर्वी झुडूप मरते. दोष रोपाला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. वास्तविक दोष एकच माप सर्वांना लावण्याच्या सवयीचा आहे आणि त्या सवयीचा काही वाटा कृषी विस्ताराच्या कामाकडेही येतो. खड्डा भरताना सुपर फॉस्फेट घालावे, हा सल्ला फळझाडांसाठी योग्य आहे. परंतु तो झाडाचे कूळ न विचारता सर्वत्र सांगितला जातो, तेव्हा सल्ला राहत नाही, केवळ पाठांतर होते.

आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पाचगणीस गेलेला प्रवासी तेथील उंच सिल्व्हर ओक पाहून म्हणतो, पाचगणीस होते ते आपल्याकडे का होऊ नये? पाचगणीस हे वृक्ष १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या प्रयत्नांनी आले असे सांगितले जाते. तेथील माती तांबडी व आम्लधर्मी असून डोंगरमाथ्यावर पाणी झपाट्याने निचरून जाते. शिवाय त्या मातीतील लोह स्फुरदास धरून ठेवते. कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी व मिरीच्या वेलांना आधार म्हणून हाच वृक्ष यशस्वी झाला, तोही पाऊस आणि माती अनुकूल म्हणूनच. संभाजीनगर परिसरात पाऊस वर्षास सुमारे ७०० मिलिमीटर, उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर, आणि सखल भागातील माती भारी, चिकण व अल्कधर्मी आहे. दौलताबाद व खुलताबादकडील उतारांवरच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत या झुडपास काही आशा आहे; भारी काळ्या रानात ती फार थोडी आहे.

म्हणून लागवडीपूर्वी जमीन पाहावी. मातीच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकून फसफस येते काय ते पाहिले तरी चुन्याचा अंदाज येतो. मृद चाचणी प्रयोगशाळेत सामू आणि चुनखडी तपासून घेतल्यास अधिक उत्तम. भारी जमिनीत खड्डा खणून त्यात हलकी माती भरण्याचा मोह टाळावा. काळ्या मातीतील असा खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरून राहणारे टाकेच होय. त्याऐवजी जमिनीवर हात-दीड हात उंचीचा वरंबा करून त्यावर रोप लावावे. त्यासाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग भरड वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा घ्यावा. सुपर फॉस्फेट, डीएपी, हाडांचे खत, कोंबडीखत आणि १९:१९:१९ सारखी विद्राव्य खते यांपैकी काहीही घालू नये. पालापाचोळ्याचे आच्छादन हेच या झाडाचे अन्न समजावे.

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात माती वरून सुकल्यावरच सावकाश पाणी द्यावे. विंधन विहिरीचे जड पाणी चुना वाढविते, म्हणून शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. मूळ धरल्यावर पाणी कमी करीत जावे. बुंध्याभोवती खुरपणी करू नये, कारण मुळांचे झुबके वरच्याच थरात असतात. फुलोरा संपल्यावर फांद्यांचे शेंडे हलके छाटावेत. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत छाटल्यास फुटवा क्वचितच येतो. लोहाची कमतरता दिसल्यास १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी प्रथम एका फांदीवर फवारून पाहावे. बियांपासून रोपे करावयाची असल्यास बी ताजे असावे. शेंग उकलताच पंख असलेले हलके बी उडून जाते, म्हणून तत्पूर्वीच ते गोळा करावे.

गुणांबरोबर अवगुणही सांगितले पाहिजेत. या झुडपाच्या मधासाठी शिंजिर व मधमाश्या येतात, ही जमेची बाजू होय. परंतु काही जातींच्या स्पर्शाने कातडीस खाज व पुरळ येतो, आणि फुले व फळे यांत विषारी सायनाइड असते. म्हणून गोठ्याजवळ व मुलांच्या खेळण्याच्या जागी ते लावू नये. छाटणी करताना हातमोजे घालावेत. हवाई बेटांवर लाल ग्रेव्हिलिया तण होऊन पसरला आहे. आपल्याकडील कोरड्या हवेत तशी भीती कमी असली तरी ओढ्याकाठी व वनाच्या कडेस ते न लावणेच इष्ट.

या सर्व खटाटोपाची किंमत मोजूनच निर्णय घ्यावा. संभाजीनगर शहरास पैठणजवळील जायकवाडी जलाशयातून पाणी उपसून आणावे लागते. तेथे पावसाळ्यापलीकडचे प्रत्येक भांडे मोलाचे आहे. ज्याची जमीन भारी आहे त्याने बहावा, पळस, तगर किंवा कोरांटी लावावी. फूल मिळेल आणि मनस्ताप वाचेल. ज्याची जमीन निचऱ्याची आहे व ज्याला हौस आहे त्याने ग्रेव्हिलिया अवश्य लावावा. रोपवाटिकाधारकांनी रोपाबरोबर एवढी एक चिठ्ठी द्यावी: स्फुरदयुक्त खत नको, साचलेले पाणी नको. गिऱ्हाईक एका झाडाला मुकेल तर पुढच्या खेपेस दुसऱ्या दारी जाईल, हे त्यांनीही ध्यानी धरावे. ज्यांना या म्हणण्याची खात्री वाटत नसेल त्यांनी एकाच जातीची दहा रोपे नेहमीच्या खतमिश्रणात आणि दहा रोपे स्फुरदाविना ठेवून एक हंगाम पाहणी करावी. दोन ओळींतील फरक जे सांगेल ते कोणत्याही भाषणाहून अधिक पटेल.

झाडास काय द्यावे हे शिकविणे सोपे आहे. काय देऊ नये हे शिकविणे कठीण, कारण न देण्यात काही केल्याचे समाधान मिळत नाही. परंतु हात आवरणे हीदेखील मशागतच आहे, आणि ग्रेव्हिलियासारख्या झाडाच्या बाबतीत तर तीच मुख्य मशागत होय.