वलगावच्या तिकीट खिडकीचा खोटा पुरावा

बडनेऱ्याहून नवी अमरावती, वलगाव, चांदूर बाजार अशी नोकरदारांच्या वेळेची मेमू सुरू करा म्हटलं, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: वलगावला तिकिटं खपत नाहीत. आकड्यांवर उभं असल्यामुळे हे उत्तर भारदस्त वाटतं, पण ते मापच खोटं आहे. सकाळी कचेरीच्या आणि कॉलेजच्या वेळेला पोचवणारी, संध्याकाळी घरी आणणारी गाडी नसेल, तर खिडकीवरच्या गल्ल्यात वेळापत्रकाची उणीव तेवढी दिसते. गरज मोजायची तर परतवाडा रस्त्यावर उभं राहावं आणि एसटी, ऑटो, काळी-पिवळी, दुचाकी यांतून अमरावतीकडे निघालेली माणसं मोजावीत. २०११च्या जनगणनेतच अमरावती शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. त्यानंतर ले-आऊट वलगावच्या दिशेनं सरकतच आहेत.

दुसरा आक्षेप शकुंतलेचा. ही मूर्तिजापूर–अचलपूर गाडी बंद पडली, म्हणजे वऱ्हाडात आखूड पल्ल्याची रेल्वे चालत नाही, असं सांगतात. शकुंतला अरुंद रुळांवर, सायकलशी बरोबरी होईल अशा गतीनं चालवली गेली. मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला आणि रुळांवर पुरेसा पैसा कुणी टाकला नाही. ती गेली तेव्हा तिच्यासाठी सत्याग्रह झाले, आणि रिकाम्या गाडीसाठी कुणी सत्याग्रह करत नाही. आखूड पल्ल्याचंच म्हणाल, तर मुख्य मार्ग अमरावतीला वगळून बडनेऱ्यावरून गेला म्हणून १८७१ मध्ये जेमतेम दहा किलोमीटरचा फाटा सरकारनं घातला. तो कापसासाठी परवडला. माणसांसाठी मात्र हिशेब आडवा येतो!

आता पैसा. बडनेरा–नरखेड हा १३८ किलोमीटरचा मार्ग बांधून, विद्युतीकरण होऊन तयार आहे. जमीन, पूल, मातीकाम हा सगळ्यात मोठा खर्च जनतेनं आधीच सोसला आहे. आता हवेत ते डबे, एकेरी मार्गावर गाड्या पार करायला जादा लूप, उंच फलाट आणि स्टेशनपर्यंत धड रस्ता. रेल्वे तोट्याचं कारण देते; पण प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, हे तिनं स्वतःच तिकिटांवर छापलं होतं. तोटा सगळ्या देशात सोसायचा आणि वलगावलाच तो गुन्हा ठरवायचा, हे मला मान्य नाही.

राज्यानं वाटा उचलावा, ही मागणीही नवी नाही. मुंबईच्या लोकलसाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे विकास महामंडळात महाराष्ट्राचा हिस्सा ४९ टक्के आहे. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्यानं पत्करला, म्हणूनच २०२५ मध्ये बीडला गाडी पोचली. नागपूरहून वर्धा, रामटेक, भंडारा आणि नरखेडपर्यंत असलेल्याच रुळांवर ब्रॉडगेज मेट्रो चालवण्यासाठी २०१८ मध्ये करार झाला होता. नरखेड म्हणजे आमच्याच मार्गाचं दुसरं टोक. मुंबई, पुणे, नागपुरात मेट्रोसाठी मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या किमतीवर १ टक्का अधिभार घेतात. वलगाव परिसरात स्टेशनमुळे प्लॉटचे भाव चढतील, तेव्हा त्या खरेदीखतांवरचा असाच अधिभार वेगळ्या खात्यात ठेवून याच गाडीवर खर्च व्हावा.

एक आक्षेप मात्र खरा आहे. नवी अमरावती स्टेशन राजकमल चौकापासून, इर्विन रुग्णालयापासून दूर पडतं. गाडीतून उतरल्यावर ऑटोला तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले, तर कोण बसेल? म्हणून महापालिकेच्या शहर बसची वेळ गाडीच्या वेळेला बांधली पाहिजे आणि दोन्हींचा पास एकच हवा. हे झालं नाही तर नवे डबे आणूनही योजना फसेल.

तेव्हा वलगाव ग्रामपंचायत, चांदूर बाजार नगर परिषद आणि अमरावती महापालिका यांनी एकत्र ठराव करावा, राज्यानं आपला हिस्सा लिहून द्यावा आणि रेल्वेनं सकाळ-संध्याकाळची गाडी किमान दोन वर्षं वेळेवर चालवावी. त्यानंतरच वलगावच्या तिकीट खिडकीचा आकडा पुरावा म्हणून पुढे करावा.