हायब्रिड इअरफोनची पारख

या सदरात आपण दर वेळी घरखर्चातील एखादी वस्तू हाती घेतो आणि तिची किंमत व तिचे मोल यांतील अंतर तपासतो. किंमत पावतीवर छापलेली असते. मोल वापरातून, तेही सावकाश उमगते. या वेळचा विषय आहे इअरफोन, आणि त्यांतही मध्यम किमतीचे ‘हायब्रिड’ इअरफोन.

आज घरोघरी सर्वांत अधिक वेळ अंगावर असणारी वस्तू चष्म्याखालोखाल बहुधा हीच असेल. नातवाचे शिकवणीचे तास, सुनेच्या कार्यालयीन बैठका, आजोबांचे पहाटेचे शास्त्रीय संगीत, आजींचे प्रवचन, सारे काही याच दोन इवल्या बोंडांतून कानी पडते. पाचशे रुपयांचा इअरफोन बिघडला, तर आपण हळहळत नाही. परंतु सात-आठ हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतची रक्कम मोजावयाची झाली, तर ती निवृत्तिवेतनातून जावो वा मुलाच्या पगारातून, निर्णय विचारपूर्वक झाला पाहिजे. रकमेहूनही मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, ती म्हणजे आपली श्रवणशक्ती. तिच्याकडे शेवटी वळू.

दोन ड्रायव्हर, दोन स्वभाव

विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या भागास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला ‘डायनॅमिक’. लाउडस्पीकरचीच ही लघुप्रतिमा. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते, त्याला जोडलेला पातळ पडदा हवा ढकलतो. पडद्याचा व्यास बहुधा सहा ते दहा मिलिमीटर असतो. पुष्कळ हवा हलवण्याची ताकद असल्यामुळे खर्जाचा भरदारपणा, डग्ग्याचा घुमारा हा प्रकार सहज देतो.

दुसरा प्रकार ‘बॅलन्स्ड आर्मेचर’. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची एक सूक्ष्म जीभ समतोल धरून असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ती किंचित झुकते आणि बारीक दांडीच्या साहाय्याने पडदा हलवते. आकाराने हा ड्रायव्हर तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा असू शकतो. श्रवणयंत्रांत याचा वापर अनेक दशके होत आला आहे. मधल्या व वरच्या स्वरांचे बारकावे तो चपळाईने उलगडतो. मात्र खर्जात एकट्याने त्याची दमछाक होते.

हे दोन्ही एकाच कवचात बसवले की तो इअरफोन हायब्रिड झाला. खालचे स्वर डायनॅमिककडे, वरचे आर्मेचरकडे, अशी श्रमविभागणी. ती करणाऱ्या योजनेस ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. त्यात काही विद्युत घटक असतात, तसेच ध्वनी वाहून नेणाऱ्या नळ्या व जाळ्याही असतात.

किमतीचा इतिहास वाणिज्याच्या विद्यार्थ्याला रंजक वाटावा असा आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीने ‘के ३००३’ हा एक डायनॅमिक व दोन आर्मेचर असलेला इअरफोन आणला, तेव्हा त्याची किंमत हजार डॉलरहून अधिक होती. २०२२ मध्ये चीनमधील ट्रूथिअर कंपनीचा ‘हेक्सा’ एक डायनॅमिक व तीन आर्मेचर घेऊन ८० डॉलरच्या आसपास आला. मूनड्रॉप कंपनीच्या ‘ब्लेसिंग २’ मध्ये एक डायनॅमिक व चार आर्मेचर होते. पुढच्या ‘ब्लेसिंग ३’ मध्ये डायनॅमिक दोन झाले, आणि किंमत मात्र सुमारे ३२० डॉलरवरच राहिली. यावरून एक निष्कर्ष निघतो. ड्रायव्हरची संख्या ही आता मोलाची खूण राहिलेली नाही. जाहिरातीत ती ठळक अक्षरांत छापतात. परंतु ताळेबंदात मालमत्तेची बाजू फुगलेली दिसली म्हणून संस्था सुदृढ ठरत नाही. पारख करावयाची ती ड्रायव्हरांच्या सांध्याची.

सांधा कसा ऐकावा

त्यासाठी आपल्याकडे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तंबोरा. काळी एक स्वरात लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९ असते. जवारीमुळे त्याच तारेतून उमटणारे वरचे स्वर काही हजार कंपनांपर्यंत जातात. म्हणजे एकाच तारेच्या छेडण्याने दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर कामाला लागतात. सांधा चांगला असेल, तर खर्जाचा गाभा आणि जवारीचे तेज एकाच भोपळ्यातून निघाल्यासारखे वाटते. सांधा सदोष असेल, तर गुंजन एकीकडे आणि झणकार दुसरीकडे अशी फूट ऐकू येते. जणू गायक आणि साथीदार निरनिराळ्या खोल्यांत बसले आहेत.

दुसरी कसोटी कंठाची. भीमसेन जोशी यांच्या अभंगवाणीतील एखादा परिचित अभंग लावावा. स्वर मंद्रातून तार सप्तकात चढत असता आवाजाचा पोत बदलता कामा नये. खाली भरदार असलेला गळा वर जाताना एकाएकी किरटा वाटू लागला, तर जबाबदारी एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जाताना काहीतरी निसटले आहे, असे समजावे. त्याच ध्वनिमुद्रणात पखवाजाची थाप आणि टाळांची किणकिण दोन टोकांना आहेत. थापेने शब्द झाकले जाऊ नयेत आणि टाळ कानाला बोचू नयेत.

तिसरी कसोटी वाद्यांच्या विभक्ततेची. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार एकत्र नांदतात. संतूरवरील कलमाचा आघात टोकदार, पण क्षणिक हवा. बासरीत फुंकरीची हवा जाणवावी. गिटारची मींड विरत जाईपर्यंत मागोवा घेता यावा. ‘स’, ‘श’ ही व्यंजने शिट्टीसारखी टोचतात का, हे पाहण्यासाठी मात्र संगीताऐवजी एखादे भाषण वा प्रवचन अधिक उपयोगी पडते.

या कसोट्यांवर ‘हेक्सा’ संयमी स्वभावाचा ठरतो. अगदी तळाचा खर्ज भक्कम, त्याच्या वरचा, तालवाद्यांना मांसलपणा देणारा भाग मोजका, कंठ स्वच्छ व पुढे, आणि अतितार टोक मऊ. ख्याल, भावगीत, भाषण ऐकणाऱ्यास तो रुचेल. ढोल-ताशाचा दणका हवा असणाऱ्यास कोरडा वाटेल. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. म्हणून दुसऱ्याचा अभिप्राय वाचताना तो काय ऐकतो, हे आधी पाहावे.

तुलना करताना एक पथ्य अवश्य पाळावे. दोन्ही इअरफोनांचा आवाज समान पातळीवर आणावा. जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला सरस वाटतो. हा कानाचा स्वभावच आहे आणि दुकानात तो विक्रेत्याच्या पथ्यावर पडतो.

बसणे आणि बांधणी

उत्तम इअरफोनही कानात नीट बसला नाही, तर त्याचे मोल शून्य. कर्णमार्ग हवाबंद झाला नाही की खर्ज गळून जातो आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. खूण सोपी आहे. गाणे सुरू असता बोंड बोटाने हलकेच आत दाबावे. खर्ज एकदम वाढला, तर टोपण लहान पडते आहे असे समजावे. सोबत मिळणाऱ्या सिलिकॉनच्या टोपणांचे तिन्ही आकार घालून पाहावेत. डाव्या व उजव्या कानास निरनिराळा आकार लागला, तर त्यात नवल नाही. हायब्रिड इअरफोनचे तोंड, ज्याला नॉझल म्हणतात, अनेक नळ्या सामावण्यासाठी बहुधा जाड असते. अरुंद कर्णमार्ग असलेल्यांनी तो किमान अर्धा तास घालून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पाच मिनिटांत सुखाचा वाटणारा इअरफोन चाळिसाव्या मिनिटाला ठणक लावू शकतो.

बांधणी तपासताना कवचाच्या दोन भागांतील सांध्यावरून नख फिरवावे; ते अडकता कामा नये. नॉझलच्या टोकाशी जाळी आहे ना, हे पाहावे. कानातील मळ आत गेल्यास आर्मेचरची नळी बुजते. डायनॅमिक ड्रायव्हरला हवा खेळती राहावी म्हणून कवचावर बारीक छिद्र असते. ते घामाने वा धुळीने बंद झाल्यास आवाजाचा तोल बिघडतो.

केबल सुटी करता येते का, हा माझ्या मते बांधणीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय, कारण इअरफोनमध्ये सर्वप्रथम निकामी होते ती केबलच. ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची जोडणी सध्या सर्वत्र आढळते आणि तिची केबल स्वतंत्र विकत मिळते. पिना सरळ रेषेत घालाव्यात व काढाव्यात. तिरका जोर लावल्यास त्या वाकतात. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने लक्षात घेता, वापरानंतर इअरफोन कोरड्या कापडाने पुसून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावा.

एक तांत्रिक बाब थोडक्यात. हायब्रिड इअरफोनचा विद्युत रोध कमी असतो. ‘हेक्सा’चा सुमारे २० ओहम आहे. ज्या उपकरणास तो जोडावयाचा त्याचा निर्गम रोध इअरफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. येथे तो अडीच ओहम झाला. अन्यथा ड्रायव्हरांमधील तोल ढळतो. जुन्या अॅम्प्लिफायरला जोडताना ही काळजी घ्यावी. मोबाइलला गोल छिद्र नसल्यास डोंगल घ्यावा लागेल. त्याची किंमत अंदाजपत्रकात धरावी. तसेच पाकीट उघडल्यावर, स्वच्छतेच्या कारणास्तव, पुष्कळ विक्रेते इअरफोन परत घेत नाहीत. परतीची अट आणि हमी भारतात कोण निभावणार, या दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

कानाचे भांडवल

आता मूळ मुद्दा. आपल्या प्रत्येक कानात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. त्या नष्ट झाल्यावर पुन्हा उगवत नाहीत. हे असे भांडवल आहे की ज्यात भर घालता येत नाही, केवळ जपता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी तितक्याच वेळेस मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. ठेवीवर चक्रवाढ आपल्या बाजूने काम करते. येथे तिचा रोख आपल्या विरुद्ध असतो.

हायब्रिड इअरफोनचे खरे मोल येथेच कळते. लहान आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि म्हणून आपण आवाज वाढवतो. ज्या इअरफोनचा डायनॅमिक ड्रायव्हर तळाला पुरेसा आधार देतो आणि आर्मेचर शब्द स्पष्ट ठेवतात, त्यात लहान आवाजातही गाणे भरलेले वाटते. शिवाय कर्णमार्ग नीट बंद झाल्याने लोकलचा वा रस्त्याचा गोंगाट बाहेर राहतो आणि त्याच्यावर मात करण्याची गरज उरत नाही. म्हणून माझी शेवटची कसोटी अशी : आवाज नेहमीपेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली आणावा आणि तंबोरा अजून ऐकू येतो का ते पाहावे. येत असेल, तर तो इअरफोन घेण्यासारखा आहे. तो ऐकण्यासाठी बटण वर न्यावे लागत असेल, तर कितीही ड्रायव्हर असोत, पैसे परत खिशात ठेवावेत.

साठीनंतर अतितार स्वर प्रथम क्षीण होतात. आम्हा ज्येष्ठांना जो आवाज ‘गोड’ वाटतो, तो तरुण कानाला बोचरा असू शकतो. बँकेत एकाने केलेल्या नोंदीवर दुसऱ्याची सही लागते, तद्वत खरेदीपूर्वी घरातील तरुण सदस्यासही तो इअरफोन ऐकवावा. विशेषतः तो वापरणार तेच असतील, तर त्यांची सही महत्त्वाची.

या निमित्ताने एक छोटी चाचणीही करता येईल. बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर यांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावावे. ही ध्वनिमुद्रणे एकमार्गी असल्याने गळा बरोबर डोक्याच्या मध्यभागी ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूस झुकत असेल, तर प्रथम टोपणे नीट बसवावीत. तरीही झुकला, तर एखादा साधा, सरळ घालावयाचा इअरफोन घेऊन तेच गाणे ऐकावे. मग त्याचे डावे बोंड उजव्या कानात व उजवे डाव्यात घालून पुन्हा ऐकावे. दोन्ही वेळा गळा मध्यभागी राहिला, तर दोष नव्या इअरफोनमध्ये आहे. तो बदलून घ्यावा. बोंडे बदलताच कलही बाजू बदलत असेल, तर मोबाइल वा तो साधा इअरफोन तपासावा. पण कल दोन्ही वेळा त्याच कानाकडे राहिला, तर इअरफोनचा विचार बाजूला ठेवावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. ही चाचणी वेदनारहित असते, आणि तिचा खर्च मध्यम किमतीच्या इअरफोनपेक्षा पुष्कळ कमी असतो.