रेकॉर्ड-प्लेअरचा रॅक : लाकडाच्या नावावर जाऊ नका

सागवान म्हटले की गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजते. अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड-प्लेअर ठेवण्यासाठी घरात रॅक करून घेणारासुद्धा आधी लाकडाची जातच विचारतो. माझ्या मते फळी किती लांब आणि किती जाड हे आधी विचारावे, जात नंतर.

कापडाचे तागे रचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. चार फुटांची फळी मध्ये आधार नसेल तर हळूहळू पोटातून खाली येते, मग ती सागाची का असेना. हिशेब सरळ आहे. तेवढ्याच वजनाखाली फळीची लांबी दुप्पट केली तर झोळ आठपट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो आठवा हिस्सा उरतो. रेकॉर्डींचे वजन तर कोणी धरतच नाही. एक फूट जागेत कव्हरासह सत्तर-ऐंशी रेकॉर्डी बसतात, म्हणजे पंधरा ते वीस किलो. त्यांचा खण आतून तेरा इंच उंच व तितकाच खोल हवा आणि दर दीड-दोन फुटांवर उभी फळी हवी.

अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर प्रथमच, रेकॉर्डींचे नग सीडीपेक्षा जास्त विकले गेले. आपल्याकडेही शौकीन मंडळी पुन्हा रेकॉर्डी शोधत आहेत. घरात कोण काय ऐकतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यांचा रॅक आमच्या सुतार बंधूंनी करावा, की भुशाच्या बोर्डाचा तयार माल त्यांच्या घरी जावा, हा रोजीचा प्रश्न आहे. पार्टिकल बोर्डाला पाणी लागले की तो फुगतो, आणि एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात त्याचे काय होते ते आपण पाहतोच.

मात्र कारीगराने हे काम समजून घ्यावे. रेकॉर्डची सुई अगदी बारीक थरथरसुद्धा पकडते. स्पीकर त्याच रॅकवर ठेवले तर त्यांचा हादरा सुईत जातो, तोच पुन्हा स्पीकरमधून निघतो आणि घुमघुम सुरू होते. म्हणून स्पीकर वेगळे ठेवावेत. जुन्या इमारतींत लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले की सुई उडते; तिथे रेकॉर्ड-प्लेअरची फळी भक्कम भिंतीला ठोकावी. सिमेंटच्या स्लॅबवर वजनदार रॅक जमिनीवर उभा केला तरी चालतो, फक्त वरची फळी लेव्हल लावून तपासावी. अमुक लाकडाने आवाज गोड होतो असे सांगून चौपट दाम घेणारे आहेत. मला ते पटत नाही. सांधा घट्ट असावा, रॅक डुलू नये, एवढे पुरे.

सहा सुताचा चांगला प्लाय, कडेला सागाची पट्टी आणि वर व्हिनियर, यात बहुतेकांचे काम भागते. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण नीट वाळवून औषध दिलेले नसेल तर त्याला कीड लागते. शिसव भारी आणि देखणे असते. ज्याची ऐपत आहे त्याने ते जरूर घ्यावे. पण व्हिनियरला सागवान म्हणून विकणे म्हणजे पॉलिस्टर मिसळलेले कापड शुद्ध सुती म्हणून विकणे. आमच्या धंद्यात असे करणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याची बदनामी शेजारच्या दुकानालाही लागते. बिलावर ‘प्लाय, वर साग व्हिनियर’ असे साफ लिहावे.

अ‍ॅम्प्लिफायर तापतो. त्याच्या वर चार-पाच इंच जागा सोडावी आणि मागची बाजू उघडी ठेवावी. तारांनाही तिथूनच वाट मिळते. पुष्कळशी यंत्रे सतरा इंच रुंद असतात, तेव्हा खण आतून निदान एकोणीस इंच धरावा. ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन यंत्राचे माप स्वतः घ्यावे.