गेमिंग संगणक किती वर्षे पेलेल? ग्राहकाला खरी मुदत सांगा

सुटे भाग जुळवून संगणक विकणे हा आमच्या अनेक व्यापारी बांधवांचा रोजीरोटीचा धंदा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत ही दुकाने पसरली आहेत. कमी पैशांत गेमिंगचा संगणक मागणारा ग्राहक हमखास विचारतो, "किती वर्षे चालेल?" आणि दुकानदार सांगून मोकळा होतो, "दहा वर्षे बघायला नको!" या उत्तराने आजचा माल खपतो, पण उद्याचे गिऱ्हाईक तुटते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चालणे आणि पेलणे यांत फरक आहे. संगणक दहा वर्षे सुरू राहील. पण नवे खेळ पेलण्याची त्याची ताकद त्याआधीच ओसरते. खेळ बनविणाऱ्या कंपन्या मुख्यतः कन्सोलचे माप धरून खेळ बनवितात. प्लेस्टेशन 4 आले 2013 मध्ये, प्लेस्टेशन 5 आले 2020 मध्ये. कन्सोलची पिढी बदलली की स्वस्त संगणकावर ताण येतो. म्हणून साधारण चार-पाच वर्षे नीट, त्यापुढे चित्राचा दर्जा उतरवून आणखी दोन-तीन वर्षे, हा आमच्या मते प्रामाणिक अंदाज होय.

एक उदाहरण पाहावे. एनव्हिडियाचे जीटीएक्स 1060 हे ग्राफिक्स कार्ड 2016 मध्ये 6 जीबी आणि 3 जीबी अशा दोन प्रकारांत आले. 3 जीबीचे स्वस्त पडले, पण मेमरी अपुरी पडून लवकर थकले. 6 जीबीवाल्याने पुष्कळ वर्षे साथ दिली. मात्र डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या खेळाला रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते. तेथे 1060 चे काही चालत नाही. ऑक्टोबर 2025 नंतर तर कंपनीने या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे थांबविले. म्हणजे कार्ड जळले नाही, बिघडले नाही. जगच पुढे गेले.

मग पैसा कोठे घालावा? आमचे उत्तर असे : मदरबोर्ड व पॉवर सप्लाय येथे काटकसर नको. एएमडीच्या एएम4 सॉकेटचे 2017 चे अनेक बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर 2022 चा रायझन 7 5800 एक्स3डी प्रोसेसरही स्वीकारतात. विंडोज 10 चा नियमित आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि पहिल्या पिढीचा रायझन विंडोज 11 च्या यादीत नाही. अशा वेळी ज्याचा बोर्ड चांगला, त्याचे काम केवळ प्रोसेसर बदलून भागते. बाकीच्यांना सगळेच नव्याने घ्यावे लागते. उलट बिननावाचा पॉवर सप्लाय जाताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

जुन्या कार्डांबाबतही सावध राहावे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. ती विकणे गैर नाही. माहीत असूनही नवीसारखी म्हणून विकणे गैर आहे.

आता हिशेबाचे बोलू. व्यवसायात वापरलेल्या संगणकाला आयकरात घटत्या किमतीवर 40 टक्के घसारा मिळतो. 60,000 रुपयांचा संगणक तीन पूर्ण वर्षांनी वहीत 12,960 रुपयांचा उरतो. बाजारही फार वेगळे सांगत नाही. म्हणून हप्ते तीन वर्षांच्या आत फिटावेत. वस्तू थकली आणि हप्ता उरला, असा सौदा ग्राहकाच्या गळ्यात घालू नये.

आणि थकलेला संगणक भंगारात देण्याची घाई कशाला? खेळाला कमी पडलेले यंत्र दुकानाच्या बिलांना, हिशेबाला, भरतकामाच्या डिझाइनला अजून कितीतरी वर्षे पुरते.

आमच्या दुकानदार बांधवांना एवढीच सूचना : बिलावर प्रत्येक भागाचे नाव, नवा की जुना, आणि वॉरंटीची मुदत लिहावी. पुढे कोणता भाग बदलता येईल, तेही सांगावे. ज्याला खरे सांगितले, तोच ग्राहक पाच वर्षांनी नवे कार्ड घ्यायला तुमच्याच पायरीवर येईल.