परदेशी सून चालते, मग शेजारच्या वस्तीतली का चालत नाही?

शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेला मुलगा जर्मन किंवा अमेरिकन बायको घेऊन कायमचा गावी परतला की सवर्ण घरात काय घडतं, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. पहिले चार दिवस आईचा अबोला. मग सुनेला नऊवारी नेसवतात, नाकात नथ घालतात, हातात हिरवा चुडा भरतात. तिने ‘कशा आहात?’ असं मोडक्या मराठीत विचारलं की आत्या-मावश्या टाळ्या पिटतात. ती पुरणपोळी लाटतानाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतो. आणि घरातला कर्ता पुरुष छाती फुगवून सांगतो, ‘आम्ही जातपात मानत नाही हो!’

आमचं त्या सुनेशी काही भांडण नाही. ती बिचारी आपला देश, आपली भाषा सोडून आलेली असते. तिचा सन्मान व्हायलाच हवा. आमचं भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी.

कारण त्याच घरातल्या मुलाने कॉलेजातली बौद्ध मुलगी पसंत केली असती तर? ती मराठीच बोलते. भाकरी-पिठलंच खाते. तिच्या आजोबांचं गाव आणि याच्या आजोबांचं गाव एकाच तालुक्यात असतं. तरीही तेव्हा काय ऐकायला मिळतं? ‘संस्कार जुळत नाहीत.’ ‘खाणंपिणं वेगळं.’ ‘धाकटीचं लग्न व्हायचंय, लोक काय म्हणतील?’ आम्ही विचारतो, बर्लिनच्या मुलीचे संस्कार जुळले कसे? तिच्या ताटातलं बीफ आणि डुक्कर ‘त्यांची संस्कृती’ ठरतं, आणि आमच्या ताटातलं मटण मात्र विटाळ ठरतं, हा कुठला न्याय?

म्हणजे अडचण वेगळेपणाची नाहीच. वेगळेपणाचीच अडचण असती तर सर्वात जास्त वेगळी असलेली परदेशी सून सर्वात आधी नाकारली गेली असती. अडचण पायरीची आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, त्या उतरंडीत परदेशी माणसाला जागाच नाही. ती सून कुठल्याच पायरीवर उभी नसते, म्हणून ती घरात आल्याने कुठलीच पायरी हलत नाही. आमची मुलगी घरात आली की अख्खी उतरंड कोसळते. म्हणून तिच्यासाठी दार बंद, कधी कधी तर कोयते बाहेर.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचं मूळ लक्षण कोणतं, याचं उत्तर त्यांनी तिथे दिलं: जातीतल्या जातीत लग्न. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचं सांगितलं, आणि माणसं तो करत नाहीत कारण शास्त्रांनी त्यांची मनं बांधली आहेत, हेही सांगितलं. मग सरळ हिशेब करा. परदेशी सून आणून कोणतं शास्त्र मोडलं? कोणत्या दोन जातींमधली भिंत पडली? एकही नाही. ज्या घरात गोरी सून आहे त्याच घरात धाकट्या मुलीसाठी ‘फक्त स्वजातीय स्थळं’ म्हणून जाहिरात दिली जाते, यात आम्हाला नवल वाटत नाही.

हे आजचंही नाही. इंदूरचे पदत्याग केलेले महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी नाशिकला शंकराचार्यांच्या हस्ते तिची शुद्धी झाली आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. साता समुद्रापलीकडून आलेली ख्रिस्ती मुलगी काही विधींनी हिंदू होऊ शकली. त्याच नाशकात २ मार्च १९३० पासून पिढ्यान्‌पिढ्या इथेच राबणारी आमची माणसं काळाराम मंदिराच्या दारात बसली, लाठ्या-दगड खाल्ले, तुरुंगात गेली, वर्षानुवर्षं लढली. दार उघडलं नाही. म्लेंच्छाला शुद्ध करणारा मंत्र त्यांच्याकडे होता, अस्पृश्याला माणूस मानणारा मंत्र नव्हता. यापेक्षा मोठा पुरावा आम्ही काय द्यायचा?

आणि ‘परदेशी’ हा शब्दही फसवा आहे. हे स्वागत गोऱ्या कातडीचं आणि मजबूत पासपोर्टचं असतं. आफ्रिकन जावई किंवा काळी सून घेऊन कुणी परतलं तर नऊवारी आणि नथ कुठे जाते, ते बघा. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा ‘अतिथी देवो भव’ कुणाला आठवलं नाही. वर्ण म्हणजे रंग हा अर्थ इथल्या मनात अजून जिवंत आहे.

आता आपल्या घरी येऊ. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, कुणाचं कर्ज, कुणाची नोकरी, असं करत आपली मुलंमुलीही आज लंडन, बर्लिन, मेलबर्नला पोचली आहेत. त्यातली काही तिथल्या जोडीदाराशी लग्न करतात. आणि मग रात्री-अपरात्री प्रश्न पडतो: परत जायचं का? समाजाचं ऋण डोक्यावर आहे, आईबाप थकले आहेत, चळवळीला माणसं हवी आहेत. पण जोडीदाराला कुठे नेतो आहोत आपण?

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. १९१७ साली कोलंबियाची आणि लंडनची विद्या घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही हाकलून दिलं. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ऐकून माहीत असतं, पण ती जगणं कसं नासवते हे त्याला लांबून कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगायचे, हा त्या लेखनामागचा हेतू होता. परतीची तिकिटं काढण्याआधी आपल्या परदेशी जोडीदाराच्या हातात हे छोटं पुस्तक द्या. ‘आमच्याकडे आता तसं काही राहिलं नाही’ असं खोटं सांगून कुणालाही विमानात बसवू नका.

कारण इथे उतरल्यावर तिला किंवा त्याला ते दिसणारच आहे. गोऱ्या जोडीदाराला बघून घरमालक आधी चहा विचारतो. मग आडनाव विचारतो. मग ‘घर कालच दिलं’ म्हणतो. आपल्याला हे कळायला एक क्षण पुरतो, जोडीदाराला समजावून सांगायला अख्खी रात्र जाते.

सरकारदरबारची वाट तर आणखी काट्यांची. इथे येऊन विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असलं पाहिजे. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि पुढचे तीस दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणजे दोन महिने जोडीदाराचा व्हिसा खर्ची पडतो आणि तुमचं नाव-पत्ता नोटीस बोर्डावर टांगलेला राहतो. ज्यांना दोन जातींचं, दोन धर्मांचं लग्न मोडायचं असतं त्यांना सरकारच पत्ता देतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी जाहीर नोटीस जोडप्याने मागितली तरच लावावी, असा निर्णय दिला. हा नियम देशभर का नको?

लग्नानंतरही जोडीदार इथे पाहुणाच. एंट्री व्हिसावर आलेल्याला सहसा थेट नोकरी धरता येत नाही. ओसीआय कार्ड हवं तर नोंदणी झालेलं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं असलं पाहिजे. नागरिकत्वाचा अर्ज सात वर्षांच्या वास्तव्यानंतर. ज्या घरात पिढीजात फ्लॅट आहे, बापाचा धंदा आहे, तिथे एका पगारावर दोन वर्षं सहज निघतात. ज्या घरात शिकलेली पहिलीच पिढी आहे, त्या घराला ही दोन वर्षं मोडून टाकतात. कायदा सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याचा भार सारखा पडत नाही.

आणि मुलांचं काय? बाप बौद्ध असेल तर मुलाच्या दाखल्याला सहसा बापाची जात धरली जाते. आई बौद्ध आणि बाप परदेशी असेल तर पडताळणी समितीपुढे त्या आईने काय काय सिद्ध करायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रमेशभाई नायका प्रकरणात स्पष्ट केलं की बापाची जात हे फक्त गृहीतक आहे, मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्याने तेच चटके सोसले असतील तर ते पुराव्याने मांडता येतं. ते प्रकरण आदिवासी आई आणि उच्चजातीय बापाचं होतं. आमची मागणी आहे की हाच तर्क परदेशी बापाच्या मुलांनाही लागू व्हावा. वस्तीत वाढलेल्या मुलाला गावाने जातीनेच ओळखायचं आणि समितीने मात्र ‘तुझा बाप परदेशी’ म्हणून दार लावायचं, हे चालणार नाही.

काही आक्षेप आपल्याच लोकांचे आहेत, त्यांनाही उत्तर दिलं पाहिजे. पहिला: ‘समाजाच्या हक्काच्या शिष्यवृत्तीवर शिकला आणि गोरी घेऊन आला. आपल्या शिकलेल्या मुलींनी काय करायचं?’ या प्रश्नातलं दुःख खरं आहे. आपल्या उच्चशिक्षित मुलींना बरोबरीचा जोडीदार मिळत नाही आणि गोरी कातडी म्हणजे यशाचं पदक असं समजणारे तरुण आपल्यातही आहेत. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण याचं उत्तर ‘लग्न समाजातच करा’ हे नव्हे. तो तर मनूचाच नियम आपल्या हाताने पुन्हा लिहिणं झालं. आणि मुलाने परदेशी बायको आणली तर पेढे, मुलीने परदेशी नवरा आणला तर ‘नाक कापलं’, हे दुटप्पीपण बौद्ध म्हणवणाऱ्या घराला शोभत नाही.

दुसरा आक्षेप: ‘बाहेरून आलेली ती, तिला चळवळ काय कळणार?’ १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी विवाह केला. १९५६ नंतर माईसाहेबांच्या वाट्याला किती संशय आणि किती एकटेपण आलं, हा इतिहास चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जन्मावरून निष्ठा मोजायची सवय ही ब्राह्मणी सवय आहे. ती आपल्या विहारात नको.

म्हणून मित्रांनो, परदेशी जोडीदारासह परतू पाहणाऱ्यांना आम्ही म्हणतो, जरूर या. पण तयारीने या. लग्न तिकडेच झालं असेल तर त्याची नोंदणी आणि कागदपत्रं तिथेच पक्की करा. दोघांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय दूतावासातही लग्न करता येतं. मूल तिकडे जन्मलं तर वर्षभरात दूतावासात त्याची नोंद करा, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढण्याआधी नीट विचार करा, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलगा भारतीय नागरिकच नसेल तर दाखला आणि आरक्षण दूरच.

आणि इथे असलेल्या कार्यकर्त्यांना आम्ही म्हणतो, त्यांच्यासाठी जागा करा. आपल्यात वकील आहेत, त्यांनी या जोडप्यांची कागदपत्रं बघून द्यावीत. ज्यांची स्वतःची घरं आहेत त्यांनी ती आडनाव न विचारता भाड्याने द्यावीत. विहारात आलेल्या सुनेला, जावयाला नऊवारी-फेट्यात उभं करून फोटो काढू नका. तिच्याशी बोला, तिला मराठी शिकवा, तिच्या देशातल्या वंशद्वेषाबद्दल तिला विचारा. आपल्याला जगभर मित्र हवेत, आणि ते असेच घरातून मिळतात.

राहिला त्या छाती फुगवणाऱ्या कर्त्या पुरुषाचा प्रश्न. त्याला आमचं एकच सांगणं आहे. तुमची परदेशी सून गुणाची असेल, आम्हाला आनंदच आहे. पण जातपात मानत नाही हे सिद्ध करायला बर्लिनपर्यंत जायची गरज नाही. आमची वस्ती तुमच्या गल्लीच्या टोकाला आहे, आणि तिथे यायला व्हिसाही लागत नाही.

जय भीम!