औषधांची पिशवी आणि रूट कार्ड

"पीण्याला राहतो" असे सांगितले की पुण्याकडील नातेवाईक हमखास विनोद करतात. त्यांच्या माहितीसाठी सांगावयाचे तर पीण्या ही बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत, 1970च्या दशकात वसविलेली औद्योगिक वसाहत आहे. एका शेडमध्ये दोन लेथ, शेजारच्या शेडमध्ये मिलिंग, पलीकडच्या गल्लीत हार्डनिंग, त्याच्याही पुढे प्लेटिंग, असे येथील हजारो लहान उद्योगांचे स्वरूप आहे. एखादा सुटा भाग पूर्ण होईपर्यंत चार-पाच मालकांच्या दारांतून फिरून येतो. माझे वास्तव्य या वसाहतीपासून जवळच असल्याने हे फिरणे मी रोज पाहतो. ज्या गोष्टीविषयी आज लिहीत आहे, ती मला येथेच, आणि एका निवृत्त कामगाराकडून, समजली.

हे गृहस्थ मूळचे इचलकरंजीचे. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी 31 वर्षे पीण्यातील एका टूलरूममध्ये काढली. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि त्यानंतर केमोथेरपीच्या गोळ्या सुरू झाल्या. सलाईन नाही, रुग्णालयात राहणे नाही, घरीच जेवणानंतर गोळ्या घ्यावयाच्या, म्हणून सर्वांनाच हायसे वाटले. काकांना मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि प्रोस्टेटचा त्रास पूर्वीपासून होता. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळीही होती.

तिसऱ्या आठवड्यात एके पहाटे काकूंचा फोन आला. काकांच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि शौचाला काळे होत होते. आम्ही त्यांना घेऊन जवळच्या रुग्णालयात गेलो. कामावर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांची सगळी औषधे कुठे आहेत?" काकूंनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यातून चौदा पाकिटे निघाली.

रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे आयएनआर, मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती. केमोथेरपीची कॅपेसिटाबीन ही गोळी वॉरफरिनचा परिणाम वाढविते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही असे नाही. त्या औषधाच्या माहितीपत्रकात तशी ठळक सूचना असते. मग हे घडले कसे? कर्करोगतज्ज्ञांच्या फायलीत "वॉरफरिन बंद" अशी नोंद होती आणि ती खरी होती. शस्त्रक्रियेपूर्वी ते बंदच केले होते. शस्त्रक्रियेनंतर हृदयरोगतज्ज्ञांनी ते पुन्हा सुरू केले, तेही योग्यच होते. मात्र ती नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या फायलीत राहिली. शिवाय गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी चालूच होती आणि तीही रक्तस्रावाचा धोका वाढविणारी. आम्लपित्ताची एकच गोळी दोन वेगळ्या व्यापारी नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिली होती, आणि काकू दोन्ही इमानेइतबारे देत होत्या.

काका वाचले. पाचव्या दिवशी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पीण्यात दहा रुपयांचा बुश जरी प्लेटिंगला पाठविला तरी त्याच्याबरोबर रूट कार्ड जाते. आधी काय झाले, कोणी केले, पुढे काय व्हायचे, सगळे त्यावर असते. कार्ड नसेल तर पुढचा माणूस भागाला हात लावत नाही. मी पाच ठिकाणी फिरलो, माझ्याबरोबर कार्डच नव्हते." थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "प्रत्येक भाग आपापल्या मापात असतो, पण पाच भाग जोडले की सगळ्यांचा फरक एकाच बाजूला साठतो आणि जोडणी बसत नाही. तेव्हा दोष कुणाचा? कुणाचाच नाही."

प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला या शेवटच्या वाक्याने अस्वस्थ व्हावे हे स्वाभाविक आहे. प्रत्येक कार्यालयाने आपले काम नियमानुसार केले आणि तरीही नागरिकाचे नुकसान झाले, अशी प्रकरणे मी कितीतरी पाहिली आहेत.

पाच किंवा अधिक औषधे एकाच वेळी चालू असण्याला सर्वसाधारणपणे पॉलीफार्मसी म्हणतात. वृद्धापकाळात ती बहुधा अपरिहार्य असते. कर्करोग झाला की तिच्यात केमोथेरपी, उलटी थांबविणारी गोळी, स्टेरॉइड, वेदनाशामक आणि बद्धकोष्ठतेचे औषध अशी नवी भर पडते. आता थोडे गणित करू. पाच औषधांच्या जोड्या होतात दहा. काकांच्या पिशवीत तेरा वेगवेगळी औषधे होती, म्हणजे जोड्या झाल्या अठ्ठ्याहत्तर. औषधे अडीच पटींनी वाढली, पण परस्परांशी भांडण्याच्या संधी जवळजवळ आठपट झाल्या. त्यातच वयानुसार मूत्रपिंड आणि यकृत मंदावलेले असते, भूक कमी झालेली असते. मधुमेहाची तीच गोळी, तोच डोस, पण केमोथेरपीमुळे जेवण अर्धे झाले की रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. उलट स्टेरॉइड घेतलेल्या दिवसांत ती वर जाते. म्हणजे औषध न बदलताही औषधयोजना चुकीची ठरू शकते.

दुसरी अडचण साखळीची. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यासाठी दुसरे औषध लिहिले जाते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनमुळे पायांना सूज येते, सुजेसाठी लघवी वाढविणारी गोळी, रात्री वारंवार उठणे, अंधारात पडणे, पडल्यामुळे वेदनाशामक. संशोधकांनी 1990च्या दशकात या साखळीकडे लक्ष वेधले. आपल्या घरांत ती त्याआधीही असणार, फक्त तिला "म्हातारपण" असे नाव होते.

या विषयात आपल्याकडे काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2018 पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. तेथे केवळ गाठीचा आकार पाहिला जात नाही; रुग्णाचे चालणे, पोषण, स्मृती, मनःस्थिती, घरचा आधार आणि चालू असलेली औषधे यांचे एकत्रित मूल्यमापन होते. भारतीय वृद्ध कर्करुग्णांच्या औषधसंख्येविषयी आणि त्यांतील अनुचित औषधांविषयी तेथील डॉक्टरांनी 2021 मध्ये अभ्यासही प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही केमोथेरपी घेणाऱ्या 65 वर्षांवरील रुग्णांसाठी अशा मूल्यमापनाची शिफारस 2018 मध्ये केली आणि 2023 मध्ये ती अद्ययावत केली. ज्ञान उपलब्ध आहे. प्रश्न ते परळहून तालुक्यापर्यंत आणि पीण्यापर्यंत पोहोचविण्याच्या व्यवस्थेचा आहे.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. केंद्रीय सेवा (वैद्यकीय परिचर्या) नियम, 1944 अन्वये येणारी प्रतिपूर्तीची शेकडो देयके मी मंजूर केली आहेत. पावती मूळ आहे का, दर मान्य आहे का, डॉक्टरांची सही आहे का, हे सारे आम्ही काटेकोरपणे पाहिले. एका देयकात साडेतीन रुपयांचा फरक निघाला म्हणून मी ते परत पाठविल्याचेही आठवते. पण त्याच देयकात पाच डॉक्टरांची पंधरा औषधे शेजारीशेजारी लिहिलेली असत. रुग्णाची सारी औषधे एकाच कागदावर पाहणारा त्या संपूर्ण व्यवस्थेत कदाचित मी एकटाच होतो, आणि मी फक्त बेरीज तपासत होतो. दर तपासला, मेळ तपासला नाही. ते काम माझे नव्हते हे खरे. परंतु ते कोणाचे होते, हा प्रश्नही मला कधी पडला नाही.

जे माझे झाले तेच धोरणाचे झाले आहे. 2008 मध्ये जनऔषधी दुकाने सुरू झाली. 2013 मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेश आला. 2019 मध्ये कर्करोगावरील 42 औषधांच्या व्यापारी नफ्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली गेली. 2025-26च्या अर्थसंकल्पात 36 जीवरक्षक औषधांना सीमाशुल्कातून सूट मिळाली. ही सर्व पावले मला मनापासून स्वागतार्ह वाटतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून किमतीचे महत्त्व मी कसे नाकारू? पण यातील प्रत्येक पाऊल एका औषधाच्या किमतीविषयी आहे. एका माणसाच्या पोटात एका दिवशी एकूण काय जाते, याविषयी यांत काहीच नाही. केनेथ ॲरो यांनी 1963च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाजवळ पुरेशी माहिती नसते, म्हणून तेथे विश्वास आणि संस्था यांची गरज भासते. आपल्याकडे ही माहिती जुळविण्याचे काम आपण कोणावर सोपविले आहे? काकूंवर. इंग्रजी अक्षरांची पाकिटे, दुकानदाराचे कन्नडमधील "ऊटद नंतर" आणि डब्यावर स्वतः मराठीत लिहिलेली चिठ्ठी, एवढ्या साधनसामग्रीवर सत्तर वर्षांची एक बाई अठ्ठ्याहत्तर जोड्या सांभाळत होती.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट पैसे देणाऱ्या संस्थांनी करावी. केंद्र सरकार आरोग्य योजना 1954 पासून आणि कर्मचारी राज्य विमा योजना 1952 पासून चालू आहे. कर्मचारी विम्यात तर किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला 120 रुपये भरून स्वतःस व पत्नीस वैद्यकीय लाभ घेता येतो. अशा योजनांनी 65 वर्षांवरील रुग्णाच्या कर्करोग उपचारास मंजुरी देतानाच एका पानाचा औषधतक्ता मागावा. त्यात चालू औषधे, बंद केलेली औषधे, कोणी आणि कधी बंद केली, पुन्हा सुरू झाली का, आणि काढे-चूर्णे या सर्वांची नोंद असावी. काढ्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञ सोडवतील. परंतु रुग्ण काय घेतो हे डॉक्टरांना कळले पाहिजे, याबद्दल वाद नसावा.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. "कर्करोगतज्ज्ञांना एवढा वेळ कुठे आहे?" हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम औषधशास्त्रज्ञाचे आहे. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात 2008 पासून आहे. फार्मसी प्रॅक्टिस विनियम, 2015 मध्ये रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे. जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा 2025च्या अर्थसंकल्पात झाली. या प्रत्येक केंद्रात खुर्च्या आणि पंपांबरोबर अशा एका फार्मासिस्टचे पद निर्माण करावे.

तिसरी गोष्ट संगणकाची. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झाले आणि आभा क्रमांकही मिळू लागले. पण स्कॅन केलेल्या चिठ्ठ्यांचा साठा म्हणजे रूट कार्ड नव्हे, ते फक्त कपाट आहे. प्रत्येक नव्या चिठ्ठीसरशी बदलणारी एकच यादी हवी, आणि "बंद" या शब्दाला "चालू" इतकेच महत्त्व हवे.

एक गैरसमज होऊ नये. औषधे कमी करणे हे उद्दिष्ट नाही. योग्य औषधे ठेवणे हे आहे. वय झाले म्हणून उपचारच नाकारले जाणे, हाही तितकाच मोठा अन्याय आहे. मात्र कधी कधी थांबणे हाही उपचार असतो. ज्यांचे आयुष्य थोडेच उरले आहे अशा रुग्णांत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी थांबविणे सुरक्षित असू शकते आणि त्यांचे दिवस त्याने थोडे सुखाचे होऊ शकतात, असे अमेरिकेतील 2015च्या एका चाचणीत दिसले. हा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घ्यावयाचा. हा लेख वाचून कोणीही एकही गोळी स्वतःहून बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांना आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील वर्षातले काही महिने गावी, काही पुण्यात आणि काही आपल्याकडे असतात. प्रत्येक ठिकाणी एक डॉक्टर, एक फाईल. आपण फोनवर "औषधे वेळेवर घेता ना?" असे विचारतो. पुढच्या वेळी "कोणकोणती घेता?" असे विचारावे, आणि उत्तर व्यापारी नावाने न लिहिता औषधाच्या मूळ नावाने लिहून काढावे. तासाभराचे काम आहे.

काकांची तेरा औषधे डॉक्टरांनी आता आठवर आणली आहेत. वॉरफरिनऐवजी काय द्यावयाचे हे दोन्ही तज्ज्ञांनी प्रथमच एकमेकांशी बोलून ठरविले. काकांनी स्वतः एक कार्ड तयार केले आहे: जाड पुठ्ठा, टूलरूममधले वळणदार अक्षर, सहा रकाने. शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा आहे. कोणत्याही दवाखान्यात गेले की ते बसण्यापूर्वी कार्ड पुढे करतात. आतापर्यंत त्यावर तीन डॉक्टरांनी सह्या केल्या, एकाने मात्र हसून परत दिले. काका म्हणाले, "सही नाही तर माल पुढे जात नाही, साहेब," आणि सही होईपर्यंत तेथेच उभे राहिले.