ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो?

सोलापुरात गाडीला हीटर कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मे महिन्यात तो प्रश्न बरोबरही वाटतो. पण पावसाळ्यात गुलबर्ग्याला जियारतीला निघालेली जुनी मारुती ८००, आत दादीसह पाच माणसे, काचा बंद. थोड्याच वेळात समोरची काच वाफेने पांढरी होते. फडक्याने पुसून ती किती वेळ राहणार? हीटरची गरम हवा काचेवर सोडली की वाफ जाते, आणि ती हवा ढकलतो ब्लोअर.

जुन्या गाड्यांत हमखास दिसणारी तक्रार अशी : पहिल्या तीन स्पीडवर ब्लोअर गप्प, शेवटच्या स्पीडवर मात्र जोरात. याचा अर्थ मोटर जिवंत आहे. कमी स्पीडचा करंट रेझिस्टरमधून जातो, शेवटचा थेट मोटरला. तेव्हा गेला आहे तो रेझिस्टर. तेवढाच बदलून घ्या. अख्खी मोटर टाकायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा.

नवा रेझिस्टरही लवकर जळाला, तर मोटर जड फिरते आहे. आपण गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावतो. तीच पाने पंख्यात जाऊन बसतात. पंखा काढून साफ करायला सांगा.

फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तांब्याची तार मात्र कोणालाही घालू देऊ नका. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते, आणि गाडीत आपली मुले असतात.

हे काम मृगाआधी उरकावे. पाऊस लागला की इलेक्ट्रिशियनकडे नंबर लागत नाही.